हॅल्डनला बघण्यासारखं काय आहे

१ मार्च २०२६, रविवार
हॅल्डन, व्हिक्टोरिया

पार्सल परत आलं. डिंकाच्या लाडवांनी तुझं काय घोडं मारलं होतं रे? डिंक मेलबर्नहून मागवला, खारीक विळीवर कापता कापता बोटं सोलली, आणि तू खोका न उघडताच आल्या पावली धाडून दिलास. वर इंग्रजीत परत पाठवा की काय लिहिलंय ते अक्षर उर्वीचं आहे. नातीच्या हाताने आजीचा खोका परत करवतोस, छान वळण लावतोयस पोरीला. लाडू यतिनने चार दिवसांत संपवले. त्याला तरी चव कळते.

चि. शैलेंद्र यास आईचे आशीर्वाद. दीप्तीस आणि उर्वीसही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद धरला. चौथीपर्यंतची शाळा माझी, चुका काढत बसू नकोस. मी अजून सारंगच्याच खोलीत आहे, मोटेलच्या मागे. मालकाने अजून जा म्हटलेलं नाही. यतिन शेजारच्या खोलीत राहतो. मेलबर्नच्या क्लेटनला शिकत होते तेव्हापासून तो आणि सारंग एकाच चुलीवर जेवलेले, आणि इथे डोंगरावरच्या हॉटेलात दोघं एकाच किचनला. आता एकटाच शिफ्टला जातो.

ऑगस्टात तू आलास. विद्युतदाहिनीपाशी उभा राहिलास, त्यांनी दाखवलं ते बटण दाबलंस आणि माझ्याकडे मान न वळवता गाडीत बसलास. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. सख्ख्या भावाचं तेरावं यतिनने घातलं, ना नात्याचा ना गोताचा. खीर त्याने केली, ती करपली, ती आम्ही खाल्ली. सात महिने झाले. तू चिडलास ते माझ्यावर. ठीक आहे, चिड. पण अस्थी सारंगच्या आहेत, माझ्या नाहीत.

त्या इथे आहेत. मोटेलच्या कपडे धुवायच्या खोलीत, वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या डब्यात. घरात ठेवू नयेत हे मला ठाऊक आहे. झाडाला टांगाव्यात तर इथले पांढरे पोपट गाडीचे रबर सोडत नाहीत, ते काय सोडणार. माझा व्हिसा संपतोय, ६ जूनचं विमान आहे. त्याच्या आत तू यायचंस. तुझ्याशिवाय मी त्या कुठल्याही पाण्यात सोडणार नाही.

माझ्यासाठी येऊ नकोस. फिरायला ये. मेलबर्नची माणसं तीन तास गाडी हाकत या गावात येतात आणि झाडांचे फोटो काढून जातात. कॅनबेराहून चार तास. इथे बघण्यासारखं काय ते मी लिहून कळवीन. ऑफिसात कोणी विचारलं तर सांगायला होईल की डोंगरात गेलो होतो. आईकडे गेलो होतो असं कोणाला सांगायला नको.

— आई


८ मार्च, रविवार

बाहेर हिरवळीवर बसून लिहितेय. उत्तर नाही आलं. मी वाट बघत नव्हते.

गाव म्हणजे एकच रस्ता. दोन्ही बाजूंनी मोठी झाडं, मध्ये लढाईत मेलेल्यांचा खांब, टोकाला नदी. तिन्ही बाजूंनी डोंगर. मधला डोंगर टकल्या आहे, हिवाळ्यात त्याच्या डोक्यावर बर्फ असतो आणि त्यावर घसरायला लोक येतात. त्या लोकांना जेवण घालायचं काम तुझ्या भावाचं होतं.

जुन्या रेल्वे स्टेशनात म्युझियम केलंय. रेल्वे गेली, तिच्या वाटेवरून आता सायकलवाले जातात. म्युझियममध्ये एक म्हातारा फुकट काम करतो, छातीवर नावाची पट्टी. मी पाट्यांसमोर नुसती उभी बघून त्याने यतिनला सगळं सांगितलं आणि यतिनने मला. मी थँक्यू म्हटलं की तो 'नो वरीज, डार्ल' म्हणतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला डार्ल, म्हणजे डार्लिंग, म्हणणारा निघाला.

तर इतिहास असा. आधी इथे मूळची माणसं होती. उन्हाळ्यात डोंगरावर पतंग यायचे, दिव्यावर येतात तसले, पण लाखांनी. ते भाजून खायला सगळ्या जमाती वर जमायच्या, लग्नं जुळवायच्या, भांडणं मिटवायच्या. म्हणजे बाजार तेव्हाही होता. त्यांच्यावर पाटीत चार ओळी आहेत. शेजारी लोणी काढायच्या यंत्राला अख्खी भिंत दिलीय. मी म्हाताऱ्याला बोटाने दाखवलं, चार ओळी, आणि भिंत. तो लाल झाला.

मग सोनं निघालं. नदी उकरून काढली. गोरे आले, चिनी आले, तंबूंचं गाव झालं. सोनं संपलं, तंबू उठले. मग गुरं, मग लोणी, मग इटलीची माणसं तंबाखू घेऊन. तंबाखू सरकारने बंद केला. त्याच्या भट्ट्या शेतात अजून उभ्या आहेत, उंच पत्र्याच्या, एक दार नि छपरावर एक टोपी. लोक त्याचेही फोटो काढतात. दरवेळी धंदा बुडतो आणि गाव तिथेच राहतं, एवढं मला या गावाचं आवडलं.

गुरांचा बाजार मंगळवारी असतो. लिलाव बोलणारा असा बोलतो की लासलगावचा कांद्याचा लिलाव आठवला. तुझे बाबा तोलार होते तेव्हा तू सारंगला खांद्यावर घेऊन लिलाव बघायला जायचास. तो कांद्याने रडायचा आणि तुला वाटायचं भुकेने रडतोय. जाऊ दे.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी हिरवळीवर बाजार भरतो. मी काल कार्मेलाच्या स्टॉलवर बसले होते. कार्मेला इटलीची, एक्क्याऐंशीची, विधवा, तोंडाने माझ्याहून वाईट. तिला मराठी नाही, मला इंग्रजी नाही. भांडायला अडचण येत नाही. ती अक्रोड नि जॅम विकते, पुढच्या महिन्यापासून चेस्टनट. आपल्या फणसाची आठळी डोळ्यासमोर आण, तसा लागतो. गेल्या वर्षी ती आणि तिची सून ते सुरीने चिरत बसायच्या. आता मी विळी घेऊन गेले की बघ. पायाखाली विळी धरून जमिनीवर बसलेली बाई, हे पण या गावात बघण्यासारखं आहे असं यतिन म्हणतो.

अकरा वाजता ये. त्याआधी पार्किंग मिळतं, पण तू कधी वेळेवर उठलायस.

— आई


५ एप्रिल, रविवार

यतिनच्या फोनवर दीप्तीचा मेसेज आला. त्याने वाचून दाखवला. 'आई, ते पत्रं वाचत नाहीत. मी उघडून वाचते आणि ड्रॉवरमध्ये ठेवते. तुम्ही तेव्हा का नाही कळवलंत? तेवढं तरी सांगा.'

म्हणजे माझी पत्रं सुनेच्या ड्रॉवरमध्ये, मोज्यांच्या शेजारी. ठीक आहे. दीप्ती, तू वाचतेयस ना, मग वाच.

का नाही कळवलं ते शैलेंद्रला ठाऊक आहे. शनिवारी तुमच्या नव्या घराची वास्तुशांत होती. गुरुजी सिडनीहून यायचे होते, ऐंशी पानं उठायची होती. गुरुवारी सकाळी डोंगराच्या रस्त्यावर बर्फाने किचनची व्हॅन उलटली. सारंगला खालच्या मोठ्या गावातल्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले सुधारेल. माझं इंग्रजी किती ते तुला माहीत आहे. सुधारेल म्हटल्यावर मी शुभकार्यात कशाला विघ्न घालू? आपल्यात कार्य उरकल्याशिवाय वाईट सांगतात का? तुझ्या माहेरी सांगतात का? शनिवारी दुपारी चारला तो गेला. रविवारी सकाळी मी फोन केला. कोणीही हेच केलं असतं.

एवढंच. पुढे गावाचं लिहिते.

झाडं रंगली आहेत. काल ईस्टरचा बाजार होता, मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळं, नारिंगी, लाल, रस्ताभर पाचोळा. लोक पाचोळ्यात लोळतात. मोठी माणसं, पगारदार. एका बाईने मला पाचोळ्यात उभं करून तिचा फोटो काढायला लावला. मी काढला, तिचं डोकं कापलं गेलं. 'लव्हली' म्हणाली.

टेकडीवर चिनी लोकांची जुनी दफनभूमी आहे. यतिनने गाडीने नेलं. सोन्यापायी आलेली माणसं. दगड थोडे आणि खड्डे जास्त. मला वाटलं डुकरांनी उकरलं. यतिनने पाटी वाचली. त्यांच्यात रीत होती, परमुलखात मेलेल्याला काही वर्षांनी उकरून हाडं घरी पाठवायची, बोटीने. गावकीचा माणूस यायचा, हाडं धुवायचा, नावाची चिठ्ठी लावून पेटीत भरायचा. ज्यांचं कोणी मागायला आलं नाही त्यांचे दगड राहिले. एवढ्या लांबून, तेव्हाच्या काळी, बोटीने. तुला चार तास लागतात.

ज्या वळणावर व्हॅन उलटली ते मी बघण्यासारख्यात लिहिणार नाही. पण टकल्या डोंगरावर जायला तोच रस्ता आहे. हॉटेलातल्या पोरांनी तिथे पांढरा क्रॉस ठोकलाय. त्यांना कोणीतरी सांगितलं हा हिंदू आहे, तेव्हा त्यावर झेंडूच्या कागदी फुलांची माळ घातली. फुलं उन्हाने विटली. क्रॉस राहू दे म्हटलं.

— आई


१९ एप्रिल, रविवार

दीप्तीचा दुसरा मेसेज. हा यतिनने लगेच वाचला नाही. आधी मनात वाचला, मग भांडी घासायला लागला. मी म्हटलं, 'वाच की मेल्या.' तर 'मावशी, तुम्ही बसा आधी,' म्हणाला. मग वाचला.

'वास्तूच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी तुम्ही फोन केलात, सारंगला रजा मिळाली नाही, आम्ही येत नाही म्हणालात. तेव्हा हे रागाने बोलले, त्याला म्हणावं भावाच्या वास्तूला वेळ नसेल तर या घराचा उंबरा परत चढू नकोस. तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. मागे मशीनचं टिंग टिंग येत होतं, ते यांना आता आठवतं. आई, सारंगने ते ऐकलं का? हे एवढंच विचारतात. झोपेतून उठून विचारतात. बाकी काही बोलत नाहीत.'

यतिनला म्हटलं, कुकर लाव.

दुसऱ्या दिवशी कार्मेलाकडे चेस्टनट चिरायला गेले. त्याला एक काप द्यावा लागतो पोटावर, नाहीतर भाजताना फुटतो, बंदुकीसारखा. ती सुरीने पाच चिरते तेवढ्यात मी विळीवर वीस. तिची सून मध्ये बसून तिचं इंग्रजी सोपं करते, यतिन ते मराठीत. चार माणसं लागतात आम्हा दोघींना बोलायला.

कार्मेला म्हणाली, 'आज तोंड का बंद?'

मी म्हटलं, मुलगा बोलत नाही.

'का?'

मी सांगितलं. दीप्तीला कळवलं तेवढंच. कार्य होतं, सांगितलं नाही.

तिने सुरी खाली ठेवली. आत गेली, एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. आत पाकिटं, पातळ निळी, विमानाने यायची तसली. पंचवीसतीस तरी. एकही फोडलेलं नाही.

इकडे येऊन तिला दोनच वर्षं झाली होती, पहिलटकरीण होती, सातवा महिना. तिकडे आई वारली. बहिणीने कळवलं नाही. पोटुशीला धक्का नको म्हणून. आईच्या नावाने बहीणच पत्रं लिहीत राहिली, बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत. बाळ झाल्यावर तीन महिन्यांनी खरं कळवलं. कार्मेला तोवर मेलेल्या आईला बाळाचा फोटो पाठवून चुकली होती.

त्या दिवसापासून तिने बहिणीचं एक पाकीट उघडलं नाही. अठ्ठावन्न वर्षं. बहीण गेल्या वर्षी गेली.

मी विचारलं, 'आता उघड की. आता कोणावर राग धरायचाय?'

सुनेने विचारलं, कार्मेलाने डब्याचं झाकण लावलं आणि बोलली. सून रडायला लागली, म्हणून यतिनला कळायला वेळ लागला. ती म्हणाली होती, 'आत माफी असेल तर मी अठ्ठावन्न वर्षं वाया घालवली. आत कोंबड्याच असतील तर त्याहून वाईट.'

मग माझ्याकडे सुरी रोखून म्हणाली, 'तू काय लिहितेस त्याला? कोंबड्या?'

मी म्हटलं, झाडं, म्युझियम, गुरांचा बाजार.

ती हसली. सगळे दात खोटे आहेत तिचे.

बाकी गावात पाहण्यासारखा एक झुलता पूल आहे, सोन्यासाठी खणलेल्या घळीवर. हलतो. मी गेले नाही.

— आई


३ मे, रविवार

दीप्ती, हे पाकीट ड्रॉवरमध्ये घालायचं नाही. त्याच्या ताटाशेजारी ठेवायचं आणि उर्वीला घेऊन बाहेर जायचं. न वाचता उठला तरी तिथेच राहू दे. परत जेवायला बसेल तेव्हा असेलच.

शैलेंद्र, झाडं झडली. गावाचं मला ठाऊक होतं तेवढं लिहून झालं. आता दुसरं.

डॉक्टर सुधारेल म्हणाले असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला, यतिनला, तुझ्या मामांना, दीप्तीलाही गेल्या महिन्यात लिहून कळवलं. ते खोटं आहे.

इथल्या हॉस्पिटलात इंग्रजी न येणाऱ्यासाठी फोनवर आपली भाषा बोलणारी बाई लावून देतात. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला एका बारक्या खोलीत नेलं, टेबलावर फोन ठेवला. यतिन व्हॅनच्या कागदांपायी पोलिसांकडे गेला होता. फोनमधून बाई बोलली, स्वच्छ मराठी, पुण्याकडची असावी. म्हणाली, 'आजी, डॉक्टर म्हणताहेत, आतून रक्तस्राव फार झालाय, त्यांच्या हातात राहिलेलं नाही. दोन दिवस, फार तर तीन. तो अजून शुद्धीवर आहे, बोलतोय. जवळच्या माणसांना आत्ता बोलावून घ्या.' मी म्हटलं बरं. तिने विचारलं, 'आजी, कळलं ना नीट? परत सांगू?' मी म्हटलं, कळलं. ती बाई कोण, कुठल्या शहरात बसली होती, मला ठाऊक नाही. मराठीत एवढं तिला नि मलाच माहीत होतं. बाहेर आले, यतिन परतला होता. मी त्याला म्हटलं, सुधारेल म्हणतात.

का ते सांगते. तुला पटणार नाही, पटवून घ्यायलाही सांगत नाही.

लासलगावच्या आपल्या घराची वास्तुशांत चालली होती तेव्हा तुझे आजोबा गेल्याची बातमी आली. होम पेटलेला, तसाच टाकून सगळे उठले. वर्षाच्या आत तुझे बाबा गेले. तू अकरा वर्षांचा, सारंग तीनचा. लोक म्हणाले वास्तू अर्धवट राहिली, तिने घेतलं. मी ते हसण्यावारी नेलं नाही. मला पटलं. अजून पटतं, काय करू. गुरुवारी त्या बारक्या खोलीत माझ्या डोक्यात एवढंच आलं की हा जाणार हे ठरलंय, आता दुसऱ्याची वास्तू अर्धी राहायला नको. दोन पोरांतला एक तरी. तू आला असतास तर होम टाकून आला असतास. तुला मी ओळखते.

म्हणून शुक्रवारी फोन करून सांगितलं, रजा नाही मिळाली.

आता तू विचारतोस ते. दुसरी आई असती तर लिहिती, नाही रे बाळा, त्याने काही ऐकलं नाही. माझं खोटं बोलून झालं आहे. ऐकलं त्याने. रजेचं मी दाराबाहेर बोलले होते, पण तू भडकलास तोवर त्याच्या उशाशी आले होते, फोन स्पीकरवरच. टिंग टिंग तेच होतं.

पुढचं नीट वाच. तू बोललास आणि सारंग हसला. नाकात नळी होती, हसताना दुखलं त्याला. म्हणाला, 'दादा चिडलाय. म्हणजे गुरुजींनी वेळ बदलली.' मग हात पुढे केला. उजवा, डाव्याला सुया होत्या. म्हणाला, 'आण इकडे, मी बोलतो त्याच्याशी.'

मी फोन बंद केला.

तो हात तसाच पुढे होता. मी म्हटलं, लाइन गेली. त्याने विचारलं, 'त्याला कळलंय ना पण?' मी म्हटलं, कळलंय, म्हणूनच चिडलाय, व्हॅन नीट चालवत नाहीस म्हणून. येतोय, पूजा झाली की निघतोय. ते त्याला पटलं. तुझं बोलणं त्यात बसलं, माझ्या नशिबाने.

शनिवारी सकाळपासून दर थोड्या वेळाने विचारत होता, 'निघाला का? कुठवर आला?' मी यतिनला भिंतीवरचा नकाशा वाचायला लावला आणि गावांची नावं सांगत गेले. यास गाव आलं. गुंडगाई आलं. दुपारी म्हटलं, ऑल्बरी आलं, नदी ओलांडली की झालं. तेव्हा तो म्हणाला, 'मला जरा बसवा. दादासमोर आडवा नको.' नर्सने पलंग वर केला, यतिनने पाठीशी उशी दिली. बसल्या बसल्या गेला, दाराकडे तोंड करून.

शनिवारचं हे यतिनला ठाऊक आहे. तो तुला सांगणार नाही, मी शपथ घातलीय. आता ती मी सोडवली.

तर तुझ्या शब्दाने तो दुखावला नाही. त्याला ते शब्द नेहमीचे होते. तुझ्याशी बोलायला त्याने हात केला होता, तो मी रिकामा ठेवला. त्या घराचा उंबरा त्याने चढला नाही याला कारण तू नाहीस. आता झोपेतून उठून विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर मला विचार, जागेपणी.

माफ कर असं मी लिहिणार नाही. कार्मेलासारखा डबा भरायचा असेल तर भर, तुझा हक्क आहे. मी पाठवलं ते तू वाचलंस, एवढं मला कळलं तरी मी लासलगावला सुखाने जाईन म्हणणार होते. पण सुखाने कसली जाते. जाईन.

अस्थींचं मात्र ठरवायला पाहिजे. मी पहिल्या पत्रात हुकूम सोडला होता, ये म्हणून. तो मागे घेते. तुला इथल्या नदीत सोडायच्या असतील तर यतिन जागा दाखवील, मी खोलीत बसेन. गोदावरीत सोडायच्या असतील तर विमानात न्यायचा कागद तयार आहे, मी नेईन. कॅनबेराला तुझ्याजवळ ठेवायच्या असतील तर यतिन चार तास गाडी चालवून आणून देईल. पाण्यातच नको म्हणालास तरी मी वाद घालणार नाही. त्याच्याबद्दल एकदा मी तुला न विचारता ठरवलं. हे तू ठरव.

३० मेपर्यंत कळव. दीप्तीने यतिनच्या फोनवर पाठवायचं नाही. उर्वीने इंग्रजीत लिहायचं नाही आणि यतिनने मला वाचून दाखवायचं नाही. तू लिहायचं, शैलेंद्र, तुझ्या हाताने, मराठीत. मला वाचता येतं.

— आई